मोहिमेची सॅक: लिटर नंतर, पाठ आधी

चिपळूणच्या मित्राने विचारलंय की सह्याद्रीतले ट्रेक ४५ लिटरच्या सॅकवर निभावले, आता हिमालयात मोहिमेला जायचंय. तर ६० घेऊ की ८०, आणि ऑनलाइन मागवली तर चालेल का?

लिटरचं लवकर मिटतं. तंबू, दोर, स्टोव्ह, शिधा वाटून उचलायचा असेल तर ७० ते ८०. त्याच्या वर जाऊ नका, जागा दिसली की माणूस कोंबतोच. उत्तरकाशी-मनालीकडच्या गिर्यारोहण संस्थेचा बेसिक कोर्स असेल तर आधी त्यांची यादी वाचा. सॅक बहुधा तिथेच मिळते.

खरी मेख पाठीच्या मापात आहे. मान खाली घातल्यावर मानेच्या बुडाशी जे हाड वर येतं, तिथून कमरेच्या हाडांच्या वरच्या कडेपर्यंत मणक्यावरून टेप धरायची. स्वतःचं स्वतःला जमत नाही, घरच्या कुणालातरी पकडा. सारख्या उंचीच्या दोघांतही चार-पाच सेंटिमीटरचा फरक निघतो. माप चुकलं की हिप बेल्ट, म्हणजे सॅकचा कमरेचा पट्टा, हाडावर न बसता पोटावर चढतो आणि कमरेने पेलायचं वजन खांद्यांना लोंबकळतं. म्हणून ऑनलाइन घ्यायची तर परतीची सोय बघूनच. आली की लेबल न काढता खाली चादरी, वर पाठीला चिकटून दहा किलो तांदूळ भरा आणि अर्धा तास जिना चढा-उतरा. आधी बेल्ट आवळायचा, मग खांद्याचे पट्टे, शेवटी खांद्यावरून सॅकच्या माथ्याकडे जाणारे छोटे पट्टे. कप्पे किती आहेत ते मोजत बसू नका. हातमोजे घालून बकल उघडतंय का ते बघा.

आता आपल्या हवेचं. मे महिन्यात माळ्यावर टाकलेली सॅक गणपतीत काढावी तर आतून चिकट आणि कुबट. दमट उष्म्यात कापडाला आतून दिलेला पाणी अडवणारा थर (पीयू कोटिंग) विरघळल्यासारखा होऊन सुटतो, मग कितीही धुवा. पावसाळाभर ती प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडू नका, पंख्याच्या खोलीत रिकामी टांगा. किनाऱ्यावर राहत असाल तर झिपांचे सरकते भाग साध्या पाण्याने पुसा, खाऱ्या वाऱ्याने ते अडकतात. आणि रेनकव्हरवर भिस्त नको, पाणी पाठीकडून शिरतं. आत जाड पिशवीचं अस्तर हवंच.

सराव खेडच्या महिपतगडावर करा. वजन म्हणून पाण्याच्या बाटल्या भरा आणि वर पोचलात की पाणी ओतून द्या, उतरताना गुडघे वाचतात.