नवी निर्धूर चूल बसवली, तरी स्वयंपाकघरात धूर कोंडतो. काय चुकतंय?

बहुतेक वेळा चूल चांगलीच असते, आपली सवय जुनी असते. आमच्याकडे दोन वैलांची (म्हणजे भांडी ठेवायच्या दोन भोकांची) मातीची चूल बसवली तेव्हा पहिले पंधरा दिवस आई तिला शिव्याच घालत होती. कारण शेवटी सापडलं: पुढच्या वैलावर भाकरीचा तवा आणि मागचा वैल उघडा! धुराला जवळची वाट मिळाली, मग तो छपराबाहेर जाणाऱ्या धुराच्या नळीत कशाला जाईल? मागे पाण्याचं पातेलं कायम ठेवा. पाणी फुकटात तापतं. पातेलं वैलावर नीट टेकलं पाहिजे, फट राहिली तर तिथूनही धूर येतो.

दुसरं, सरपण. जुन्या चुलीत आपण ओंडके कोंबायचो. इथे अंगठ्याएवढी जाड, कोरडी लाकडं, एका वेळी तीन-चार. लाकडं घालायचं तोंड अर्धं मोकळं राहू द्या, हवा तिथूनच आत जाते. ओली बाभूळ घातलीत तर कुठलीच चूल वाचवणार नाही. पेटवताना आधी वाळल्या काटक्या, मग मोठं लाकूड. नळी तापली की धूर आपोआप वर ओढला जातो.

नळी छपराच्या आढ्याच्या वर गेली आहे ना, बघा. खाली राहिली की वारा धूर परत आत ढकलतो. नळी लाकडी वाशाला चिकटलेली नको. आणि काजळी? पंधरा-वीस दिवसांनी काठीला चिंधी बांधून नळी झाडा. आमच्या नळीतून पहिल्यांदा निघाली ती घमेलंभर.

माती अजून ओलसर असेल तर मोठा जाळ करू नका, तडे जातात.