तुम्ही विचारा : ‘मुलीला सांगू का?’

प्रश्न : मला कॉलेजपासून फिट्स येतात. सोडियम व्हॅल्प्रोएट सुरू होतं, गरोदरपणातही तेच चालू राहिलं. मुलगी आता नऊ वर्षांची आहे. उशिरा बोलली, अभ्यासात मागे पडते, लिहिताना हात दुखतात. हे सगळं त्या गोळीमुळे असल्याचं अलीकडेच डॉक्टरांनी सांगितलं. तेव्हापासून ती गोळी हातात घेतली तरी शिसारी येते. बंदच करावीशी वाटते. मुलीला हे सांगावं का? सासूबाई म्हणतात, मुळीच नको.
– एक आई

ताई, आधी गोळीचं बोलू. ती आज रात्रीही घ्या. व्हॅल्प्रोएट एकदम सोडलं तर फिटमागून फिट येऊन जिवावर बेतू शकतं. बदलायचीच असेल तर न्यूरॉलॉजिस्ट एक औषध हळूहळू उतरवून दुसरं चढवतात. लॅमोट्रिजीन आणि लेव्हेटिरासिटाम यांचा गर्भाला धोका पुष्कळ कमी आहे, पण ती सगळ्यांच्याच फिट्सना दाद देतात असं नाही. दुसऱ्या बाळाचा विचार असेल तर दिवस राहण्याआधीच डॉक्टरांशी बोला. पाठीचा कणा आणि मेंदू जिच्यातून घडतात ती नळी गर्भ राहिल्यापासून चार आठवड्यांत मिटते. पाळी चुकली म्हणून धावपळ सुरू होईपर्यंत बराचसा वेळ निघून गेलेला असतो.

आता मुलीचं. मी स्वतः त्याच गोळीची लेक आहे.

माझे सांधे सैल आहेत. पेन्सिल धरली की अंगठ्याचं पेर मागे वाकायचं, म्हणून मी ती मुठीत आवळून धरायचे. दोन ओळींत मनगट भरून यायचं, तिसरी ओळ रेघ सोडून खाली उतरायची. वहीवर बाईंचा लाल शेरा ठरलेला : ‘लक्ष नाही’. लक्ष होतं हो, सगळं त्या पेन्सिलीतच होतं! प्रश्न लांबलचक असला की शेवटापर्यंत पोचेस्तोवर त्याची सुरुवात निसटायची. मग मी गप्प बसायचे आणि सगळ्यांना वाटायचं, हिला काही येत नाही. खरं कारण कळलं ते कॉलेजात, आईच्या जुन्या फाईलमधून. राग आला, पण आईचा नाही. इतकी वर्षं मी स्वतःला आळशी समजत होते, त्याचा आला.

म्हणून सांगा, आणि आत्ताच सांगा. नऊ वर्षांच्या मुलीला एवढं पुरे : “मला एक आजार आहे. गोळी घेतली नाही तर मी पडते. तू पोटात होतीस तेव्हाही मी ती घेत होते. त्या गोळीमुळे तुझे हात लवकर दमतात आणि शब्द उशिरा सापडतात. तू आळशी नाहीस.” पुढचं तिला सुचेल तेव्हा ती विचारेल. फक्त “तू रागावलीस का माझ्यावर?” असं विचारू नका. मग तुमचे डोळे पुसायचं काम तिच्याकडे जातं. सासूबाईंना म्हणावं, मुलीला वेगळं काहीतरी आहे हे आधीच ठाऊक असतं, फक्त कारण ठाऊक नसतं.

अपराधीपणाबद्दल. हे औषध १९६७ साली फ्रान्समध्ये बाजारात आलं. पाठीचा कणा उघडा राहण्याशी त्याचा संबंध १९८२ मध्ये फ्रान्समधल्याच लियाँ शहरातून पुढे आला. १९८४ मध्ये अशा मुलांच्या चेहऱ्याच्या खुणा वैद्यकीय नियतकालिकात आल्या. युरोपात कडक निर्बंध आले ते २०१८ मध्ये. आज धरले जाणारे आकडे असे : गर्भात व्हॅल्प्रोएट मिळालेल्या १०० मुलांत साधारण १० जणांना जन्मजात व्यंग, आणि ३० ते ४० जणांना बोलणं, शिकणं, वागणं यांत अडचणी. ब्रिटनमध्ये २०२० च्या सरकारी चौकशी अहवालाने स्पष्ट म्हटलं की बायकांना हा धोका नीट सांगितलाच गेला नव्हता. फ्रान्समध्ये मारीन मार्तँ या आईने २०११ मध्ये पीडित कुटुंबांची संघटना उभी केली. तिच्या स्वतःच्या दोन्ही मुलांवर परिणाम झालेला आहे. माहिती ज्यांच्याकडे होती त्यांनी ती तुमच्यापर्यंत पोचवायची होती. तुम्ही लिहून दिलेली गोळी घेतलीत.

थॅलिडोमाइड या गरोदरपणातल्या मळमळीवर दिल्या गेलेल्या जुन्या गोळीची मुलं जगाच्या डोळ्यांवर आली, कारण त्यांचे आखूड हात लपण्यासारखे नव्हते. आमच्यापैकी पुष्कळांचं बाहेरून काहीच कळत नाही. पातळ वरचा ओठ, नाकाखालची सपाट जागा, एवढंच, आणि तेही जाणकाराला. त्यामुळे मुलीच्या फाईलच्या पहिल्या पानावर लिहून घ्या : ‘गर्भावस्थेत व्हॅल्प्रोएट’, सोबत डोस आणि किती महिने. एवढ्या एका ओळीने तपासण्यांची दिशा बदलते. हृदय, मूत्रपिंडं, डोळे, कान बघून घ्यायचं डॉक्टरांना सुचतं, स्वमग्नतेची तपासणी लांबणीवर पडत नाही. ऑक्युपेशनल थेरपिस्टला, म्हणजे लिहिण्यासारखी रोजची कामं सोपी करायला शिकवणाऱ्या तज्ज्ञाला, सांधे दाखवा. शाळेकडे जादा वेळ आणि हाताने लिहिण्याऐवजी टायपिंगची परवानगी मागा, लेखी अर्ज करून. तोंडी आश्वासन पुढच्या वर्षीच्या बाईंना माहीत नसतं. मला टायपिंग मिळालं तेव्हा माझे निबंध पहिल्यांदा कुणीतरी वाचले.

प्रश्न : फिट्ससाठी मी, म्हणजे नवरा, व्हॅल्प्रोएट घेतो. आम्हाला मूल हवं आहे. माझ्या गोळीने बाळाला काही होईल का?

आईच्या गोळीइतका धोका नाही, पण ‘काहीच नाही’ असंही आता म्हणत नाहीत. डेन्मार्क, नॉर्वे आणि स्वीडनमधल्या नोंदींवरून युरोपीय औषध संस्थेने २०२४ मध्ये सावधगिरीचा इशारा दिला. गर्भधारणेआधीच्या तीन महिन्यांत वडील व्हॅल्प्रोएट घेत असतील तर १०० पैकी सुमारे ५ मुलांत विकासाच्या अडचणी आढळल्या; वडील लॅमोट्रिजीन किंवा लेव्हेटिरासिटाम घेत असतील तर सुमारे ३ मुलांत. कारण गोळीच, असं त्यातून पक्कं ठरत नाही. तरी मूल हवंय हे न्यूरॉलॉजिस्टना आत्ताच सांगा. औषध बदललंत तर जुनी गोळी पूर्ण सुटल्यावर तीन महिने थांबा. आणि तुम्हीही गोळी आपल्या मनाने सोडायची नाही.