सांधेरोपणानंतर पुन्हा गड चढता येईल का?

आपले वय ६२ आहे, उजव्या गुडघ्याचे सांधेरोपण ठरले आहे, आणि त्यानंतर रोजचे फिरणे व अधूनमधून एखादा गड चढणे पुन्हा जमेल का, असे आपण विचारले आहे. माझ्या डाव्या गुडघ्याची हीच शस्त्रक्रिया चार वर्षांपूर्वी, ६४ व्या वर्षी झाली. मी साताऱ्याचा; शस्त्रक्रियेपूर्वी कित्येक वर्षे अजिंक्यतारा हाच माझा सकाळचा रस्ता होता, त्यामुळे आपल्या मनातली धाकधूक मी चांगली ओळखतो. मी आज पुन्हा गडावर जातो. तिथवर पोहोचायला मला आठ महिने लागले, आणि त्यांतले दोन महिने माझ्या एका चुकीमुळे वाया गेले.

या शस्त्रक्रियेत मांडीच्या आणि नडगीच्या हाडांची झिजलेली टोके तासून त्यांवर धातूचे भाग बसवतात आणि मध्ये पॉलिएथिलीन या प्लास्टिकची चकती ठेवतात. हा सांधा बहुधा पहिल्या दिवसापासून भार पेलू शकतो, म्हणूनच अनेकांना त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभे करतात. परंतु त्या सांध्याला चालवणारा मांडीचा स्नायू जुनाच असतो, आणि वर्षानुवर्षे दुखऱ्या पायावर भार टाळल्यामुळे तो बारीक झालेला असतो. म्हणून आपल्या हातात जे काही आठवडे उरले असतील त्यांत मांडी आवळून धरणे आणि पाय सरळ ठेवून उचलणे हे साधे व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्या व आजपासूनच सुरू करा.

आता माझी चूक सांगतो. गुडघा किती वाकतो याकडे घरातल्या सगळ्यांचे लक्ष असते. नव्वद अंश झाले का, शंभर झाले का, असे भेटायला येणारेही विचारतात. तो पूर्ण सरळ होतो की नाही हे मात्र कोणी पाहत नाही. मला गुडघ्याखाली उशी घेतली की बरे वाटे, म्हणून मी पहिले काही आठवडे रात्रभर तशीच उशी ठेवली, आणि सहाव्या आठवड्याच्या तपासणीत पाय सुमारे दहा अंश वाकडाच राहत असल्याचे आढळले. गुडघा सरळ होत नसेल तर नुसते उभे राहतानाही मांडीच्या स्नायूला विसावा मिळत नाही, माणूस लंगडतो, लवकर थकतो आणि दुसऱ्या गुडघ्यावर ताण येतो. त्यानंतर टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून गुडघा खाली दाबण्याचा व्यायाम दिवसातून चार-पाच वेळा करत मला दोन महिने काढावे लागले. आपण उशी घ्यायचीच झाली तर टाचेखाली घ्या, गुडघ्याखाली कधीही नको.

तिसऱ्या आठवड्यात माझा वॉकर सुटून काठी आली, सहाव्या आठवड्यानंतर रस्त्यावर फिरणे सुरू झाले, पाचव्या महिन्यात गडाच्या पायथ्याजवळच्या 'चार भिंती' या ठिकाणापर्यंत आणि आठव्या महिन्यात गडाच्या महादरवाजापर्यंत गेलो. आपला वेग निराळा असू शकेल. संध्याकाळी येणारी सूज आणि गुडघ्याची ऊब कित्येक महिने राहते, व्रणाच्या बाहेरच्या बाजूची त्वचा बधिर वाटते. याने घाबरून व्यायाम थांबवू नका. मात्र पोटरी अचानक सुजून दुखू लागली, जखमेतून स्राव आला किंवा ताप चढला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. एकाएकी धाप लागली किंवा छातीत दुखले, तर क्षणभरही न थांबता रुग्णालय गाठा.

काही गोष्टी सोडाव्या लागतात. धावणे आणि उड्या मारणे मी बंद केले, कारण आदळण्याने चकतीची झीज वाढण्याची भीती असते. २०१९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या मोठ्या अभ्यासानुसार पूर्ण गुडघेरोपणांपैकी सुमारे ८२ टक्के २५ वर्षे टिकतात, आणि त्यांत आपलाही गुडघा असावा असे वाटत असेल तर एवढे पथ्य जड नाही. जमिनीवर मांडी घालून बसणे आणि उकिडवे बसणे मला डॉक्टरांनी टाळायला सांगितले. पंगतीत खुर्ची मागताना पहिल्यांदा फार संकोच वाटला होता. आपल्या घरी बसके शौचालय असेल तर शस्त्रक्रियेपूर्वीच कमोडची सोय करून ठेवा.

गडाविषयी आपला जो खरा प्रश्न आहे, त्यात चढण्यापेक्षा उतरण्याची तयारी अधिक करावी लागते, कारण उतरताना शरीराचा भार मांडीच्या स्नायूलाच रोखून धरावा लागतो. जिन्यावर चढताना आधी चांगला पाय आणि उतरताना आधी शस्त्रक्रियेचा पाय, हा रुग्णालयात शिकवलेला क्रम मी उंच पायऱ्यांवर अजूनही पाळतो. दोन्ही हातांत ट्रेकिंगच्या काठ्या घेतो, चढताना पायवाटेने जातो आणि उतरताना गाडीरस्त्याने येतो. शेवाळलेल्या दगडावरून घसरून रोपणाजवळचे हाड मोडले तर त्यावरचे उपचार अवघड असतात, म्हणून पावसाळ्याचे चार महिने गड बंद ठेवून मी मैदानातल्या सपाट जमिनीवर रोज पाऊण तास चालतो.