टीबीच्या गोळ्यांनी एसजीपीटी वाढलंय, आईला भुईआवळीचा रस द्यावा का?

तुम्ही लिहिलंय की देवगडला आईच्या टीबीच्या गोळ्या सुरू होऊन सहा आठवडे झाले, एसजीपीटी (यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम) १४८ आलंय, तिला मळमळतंय, आणि शेजारच्या काकी भुईआवळीचा रस सात दिवस द्या म्हणतायत. त्यात पाल्याच्या अर्काने उंदरांचं यकृत वाचल्याचं तुमच्या वाचनात आलं.

आधी एक करा. रिपोर्ट घेऊन आजच डॉक्टरांना गाठा, उद्या सकाळच्या गोळ्या देण्याआधी. एसजीपीटीची वरची मर्यादा बहुतेक लॅबमध्ये ४० च्या आसपास धरतात. मळमळ, उलटी, कावीळ असेल तर त्याच्या तिप्पट झालं की यकृताला त्रास देणाऱ्या गोळ्या थांबवतात. काहीच त्रास नसेल तर पाचपट. आईचा आकडा तिपटीच्या पुढे गेलाय.

आता उंदरांचं. एम.फार्म.ला असताना हाच प्रयोग मी केलाय, म्हणून सांगते. भुईआवळी लांज्याच्या आमच्या परसातलीच. पावसातली ती, सावलीत सुकवताना दोनदा बुरशी धरली. शेवटी एक किलो सुक्या पाल्यातून नव्वद ग्रॅम काळपट, चिकट अर्क निघाला. उंदरांना तो सात दिवस दिला आणि मग पॅरासिटामॉलचा भला मोठा डोस. नुसत्या पॅरासिटामॉलवाल्यांचं यकृत फिकट, पिवळट ठिपके पडलेलं. अर्कवाल्यांचं बरंच लालसर. निकाल खराच होता.

पण तिथे पाला आधी आणि विष नंतर होतं. आईच्या यकृताला आधीच सूज आलीय. शिवाय पॅरासिटामॉलचं विष यकृतातली एन्झाइमं तयार करतात आणि ग्लुटाथिऑन हे यकृतातलंच संरक्षक द्रव्य ते निकामी करतं. अर्काने ती एन्झाइमं नुसती रोखली तरी उंदीर वाचतो! टीबीच्या गोळ्यांतल्या आयसोनियाझिड, पायराझिनामाइड, रिफाम्पिसिन यांच्या यकृताला इजा करण्याच्या वाटा वेगळ्या आहेत, आणि एन्झाइमांत ढवळाढवळ झाली तर रक्तातलं औषधाचं प्रमाणही बदलू शकतं.

डोसचंही बघा. मी उंदराला किलोमागे ४०० मिलिग्रॅम अर्क देत होते. माणसासाठी तो आकडा साधारण सहाने भागतात. आई ४५ किलोची धरली तर रोज तीन ग्रॅम अर्क, म्हणजे तीसेक ग्रॅम सुका पाला. काकींच्या वाटीभर रसाचा त्याच्याशी मेळच बसत नाही. आणि परसात भुईआवळीच्या दोन-तीन जाती एकत्र उगवतात, कुठली उपटली ते कोण बघतं?

माणसांवरही भुईआवळी तपासून झालीय, पण वेगळ्या आजारात. १९८८ मध्ये चेन्नईचे थ्यागराजन आणि नोबेल मिळालेले ब्लूमबर्ग यांनी हिपॅटायटिस बी या यकृताच्या विषाणूच्या ३७ वाहकांना भुईआवळी दिली, २२ जणांच्या रक्तातून विषाणूची खूण गेली. नंतरच्या चाचण्यांत तसं यश दिसलं नाही. गुळवेलही नको, २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी ती घेणाऱ्या सहा जणांच्या यकृताला इजा झाल्याचं नोंदवलंय.

काविळीचं पथ्य म्हणून आईचे मासे मात्र तोडू नका. टीबीत वजन टिकायला हवं. पेजेबरोबर ताजा मासा खुशाल द्या. फक्त शिळा बांगडा आणि कुपा टाळा, कारण आयसोनियाझिड चालू असताना त्यात साठलेल्या हिस्टामिन या द्रव्याने अंग लाल होऊन धडधडतं.

गोळ्या थांबवल्या तरी घाबरू नका. एसजीपीटी उतरलं की डॉक्टर एकेक औषध परत सुरू करतात, बहुधा रिफाम्पिसिनपासून, आणि दर टप्प्याला रक्त तपासतात. आज रिपोर्ट दाखवताना काकींचा रस आईने आधी घेतला असेल तर तेही, न लाजता, डॉक्टरांना सांगा.