साडेसात महिन्यांनी अडवलेले सुभेदारपद

प्रश्न: मी लष्करात धर्मगुरू (पंडित) होतो. २७ नोव्हेंबर १९८२ रोजी थेट नायब सुभेदार म्हणून भरती झालो आणि ३१ जुलै २००३ रोजी सुभेदार म्हणून निवृत्त झालो. डिस्चार्ज बुकात सुभेदार असे स्पष्ट लिहिले आहे, मात्र पेन्शन नायब सुभेदाराचे मिळते. १ एप्रिल २००२ पासून माझी पदोन्नती झाल्याचे पत्र आले होते आणि कमांडिंग ऑफिसरांनी दरबारात (पलटणीच्या सभेत) ती जाहीरही केली होती. ऑपरेशन पराक्रममुळे पलटण सीमेवर होती, त्यामुळे नव्या युनिटात मी १८ नोव्हेंबर २००२ रोजी हजर झालो आणि रेकॉर्डला तीच तारीख लागली. याशिवाय १९९१ मध्ये वडिलांच्या आजारपणात सुटीवरून परतायला ५२ दिवस उशीर झाला होता. ते दिवस साहेबांनी रजेत धरून नियमित केले होते, तरीही माझ्या सेवेतून वजा झाले आहेत. ‘स्पर्श’ या पेन्शनच्या ऑनलाइन पोर्टलवर तक्रार केली असता सेवानोंदी सांभाळणाऱ्या रेकॉर्ड ऑफिसकडे जाण्याचे उत्तर आले. आता वय ७३ आहे. काय करावे? — एक निवृत्त सुभेदार, सातारा जिल्हा

उत्तर: सुभेदारसाहेब, आपण पाठवलेल्या छायाप्रती मी दोनदा वाचल्या. आपल्या पत्रात दोन तक्रारी आहेत आणि दोन्ही सारख्याच पोटतिडकीने मांडल्या आहेत. कायद्याच्या दृष्टीने मात्र त्यांचे वजन फार वेगळे आहे. आधी हलकी तक्रार बाजूला करतो.

लष्करी पेन्शनसाठी अर्हताकारी सेवा दिवसांवर मोजली जात नाही, ती सहामाहीच्या टप्प्यांत मोजली जाते. तीन महिने किंवा त्याहून अधिक उरलेला काळ पूर्ण सहामाही धरला जातो आणि त्याहून कमी असेल तर सोडून दिला जातो. आपली एकूण सेवा २० वर्षे ८ महिने ५ दिवस भरते, म्हणजे हिशेबात साडेवीस वर्षे. त्यातून ५२ दिवस वजा केले तर सुमारे २० वर्षे साडेसहा महिने उरतात आणि तीही साडेवीस वर्षेच होतात. ग्रॅच्युइटीसुद्धा सहामाहीवरच ठरते. त्यामुळे ते ५२ दिवस परत मिळाले तरी आपल्या पेन्शनमध्ये एका रुपयाचाही फरक पडणार नाही. गैरहजेरीचा शेरा मनाला लागतो, हे मी समजू शकतो. आपण नियमित करून घेतलेली रजा कागदावर गैरहजेरी म्हणून राहणे योग्यही नाही. म्हणून रेकॉर्ड ऑफिसला लिहिताना शेवटच्या परिच्छेदात ती दुरुस्ती जरूर मागावी, परंतु न्यायाधिकरणात जाण्याची वेळ आली तर हा मुद्दा सोडून द्यावा. ज्या मुद्द्यातून काही मिळायचे नाही, तो मुख्य मुद्द्याला बांधला की समोरच्या वकिलाला वेळ काढायला आयतेच साधन मिळते.

आता खरा प्रश्न. आपण निवृत्त झालात त्या काळी जेसीओ (नायब सुभेदार ते सुभेदार मेजर) आणि जवानांचे पेन्शन ठरवताना शेवटचे पद सलग १० महिने धारण केलेले असणे आवश्यक होते. ते तेवढे नसेल तर त्याखालच्या पदाचे पेन्शन मंजूर होई. १८ नोव्हेंबर २००२ ते ३१ जुलै २००३ हा काळ आठ महिने चौदा दिवसांचा आहे. १ एप्रिल २००२ पासून मोजले तर तो पूर्ण सोळा महिन्यांचा होतो. म्हणजे डिस्चार्ज बुकातले ‘सुभेदार’ खरे आहे आणि पेन्शनच्या हिशेबातले ‘नायब सुभेदार’ हेही, रेकॉर्डवरची तारीख गृहीत धरली तर, नियमाला धरूनच आहे. पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश) पुन्हा नीट पाहावा. निवृत्तीच्या वेळचे पद आणि ज्या पदाचे पेन्शन मंजूर झाले ते पद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पेन्शन मंजूर करणारे कार्यालय रेकॉर्ड ऑफिसने पाठवलेल्या माहितीवर चालते, तारीख स्वतः बदलत नाही, म्हणून ‘स्पर्श’वरून आलेले उत्तर कोरडे असले तरी चुकीचे नव्हते. २००६ नंतर निवृत्त झालेले आपले सहकारी कदाचित सांगतील की त्यांना अशी अडचण आली नाही. त्यांच्यासाठी शेवटचे वेतन किंवा शेवटच्या १० महिन्यांची सरासरी, यांतले जे लाभाचे ते धरण्याची तरतूद होती. त्यांच्या उदाहरणावर आपला अर्ज उभा करू नये.

इथे मला आपल्याला एक अप्रिय प्रश्न विचारावाच लागेल. एप्रिल ते नोव्हेंबर २००२ या काळात आपल्याला पगार कोणत्या पदाचा मिळाला? ज्येष्ठता आणि प्रत्यक्ष पद ग्रहण करणे या लष्करात वेगळ्या बाबी आहेत. ज्येष्ठता मागच्या तारखेपासून मिळू शकते, पण पदाचा पगार सर्वसाधारणपणे ते पद ज्या दिवशी ग्रहण केले त्या दिवसापासून लागतो. दरबारात नाव जाहीर झाले, लोकांनी अभिनंदन केले, मंदिरात येणारे जवान सुभेदारसाहेब म्हणू लागले, हे सारे खरे असले तरी पुरावा म्हणून ते दुबळे आहे. निर्णय होईल तो दोन कागदांवर: पदोन्नतीची पार्ट टू ऑर्डर (सेवेतला बदल नोंदवण्यासाठी युनिटने काढलेला लेखी आदेश) आणि पगाराचा वैयक्तिक हिशेब, ज्याला आपण आयआरएलए म्हणता.

जुन्या युनिटने एप्रिलमध्ये पार्ट टू ऑर्डर काढली असेल आणि आयआरएलएमध्ये सुभेदाराचा पगार एप्रिलपासून जमा झाला असेल, तर नोव्हेंबरची तारीख ही उघड कारकुनी चूक आहे आणि तिची दुरुस्ती मागणे हा आपला हक्क आहे. ऑर्डर निघाली, पण पगार नोव्हेंबरपासून लागला, असे असेल तर बाजू मध्यम आहे. त्यावेळी असे म्हणता येईल की पदोन्नतीची जागा रिकामी होती, आदेश झालेला होता आणि आपल्याला मोकळे न करण्याचा निर्णय प्रशासनाचा होता. संसदेवरील १३ डिसेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर ऑपरेशन पराक्रमसाठी सीमेवर गेलेले सैन्य ऑक्टोबर २००२ नंतरच मागे येऊ लागले, ही सर्वज्ञात गोष्ट आहे आणि तुमच्या नोव्हेंबरच्या हजेरीशी ती जुळते. परंतु दोन्हीपैकी काहीच नसेल, म्हणजे एप्रिलची ऑर्डर निघालीच नव्हती आणि पगारही नोव्हेंबरपासूनच असेल, तर मी आपल्याला खर्चात पाडणार नाही. आपल्या पाकिटात पदोन्नतीच्या पत्राची प्रत आहे, तथापि तिच्यावर ‘पद ग्रहण केल्याच्या तारखेपासून’ असे शब्द आहेत की नाहीत, ते घडीवरची शाई पुसल्याने वाचता येत नाही. मूळ पत्र उजेडात धरून ती एक ओळ नीट वाचून कळवावे. माझ्या मते या प्रकरणातली सर्वांत महाग ओळ तीच आहे.

कागद मिळवण्यासाठी माहिती अधिकार अधिनियम, २००५ खाली डिस्चार्ज बुकवर ज्या रेकॉर्ड ऑफिसचा शिक्का आहे तेथील जन माहिती अधिकाऱ्याकडे अर्ज करावा. फी १० रुपये आहे. ‘माझ्या पदोन्नतीबाबत माहिती द्यावी’ असे मोघम लिहिले की उत्तरही मोघम येते, म्हणून कागदांची नावे घालावीत: जानेवारी २००२ ते जुलै २००३ या काळात माझ्या नावाने निघालेल्या सर्व पार्ट टू ऑर्डरच्या प्रती, माझी शीट रोल (सेवापट), पदोन्नतीचा आदेश, पेन्शन मंजुरीसाठी पाठवलेली डेटा शीट आणि १९९१ मधील रजा नियमित केल्याची नोंद. पगाराचा हिशेब स्वतंत्र अर्जाने आपल्या पे अकाउंट्स ऑफिसकडे मागावा. तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा अपुरे आले, तर पुढच्या तीस दिवसांत पहिले अपील करता येते. लष्कराचे जुने कागद ठराविक मुदतीनंतर नष्ट केले जातात आणि माझ्या अनुभवात पगाराचे हिशेब सर्वांत आधी जातात. कागद नष्ट झाल्याचे उत्तर आले तर तेही लेखी आणि नष्ट केल्याच्या तारखेसह मागून घ्यावे. निवृत्त कमांडिंग ऑफिसरांशी संपर्क असेल तर त्यांचे पत्रही घ्यावे. ते आयआरएलएची जागा घेणार नाही, पण कागद नष्ट झाल्यास उपयोगी पडेल.

त्यानंतर रेकॉर्ड ऑफिसला एकच सविस्तर निवेदन द्यावे आणि त्यात तीन गोष्टी मागाव्यात: पदग्रहणाची तारीख १ एप्रिल २००२ अशी दुरुस्त करणारी पार्ट टू ऑर्डर, त्यानुसार सुभेदार पदाच्या पेन्शनचा प्रस्ताव आणि प्रयागराजच्या पेन्शन कार्यालयाकडून दुरुस्ती पीपीओ. स्पीड पोस्टाने पाठवून पोचपावती सांभाळावी. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत प्रत पाठवली तर पाठपुरावा सोपा जातो. एकाच वेळी पंतप्रधान कार्यालय, संरक्षण मंत्रालय, सेनाप्रमुख आणि जिल्हाधिकारी यांना पत्रे पाठवण्याचा मोह टाळावा, कारण ती सारी पत्रे फिरून एकाच कारकुनाच्या टेबलावर येतात आणि प्रत्येकाचे उत्तर वेगळे निघाले तर गुंता वाढतो.

एक गैरसमजही दूर करतो. आपल्याला कोणीतरी लष्कर अधिनियम, १९५० च्या कलम २६ खाली वैधानिक तक्रार करायला सांगितले आहे. ते कलम त्या अधिनियमाच्या अधीन असलेल्या, म्हणजे सेवेत असलेल्या व्यक्तींसाठी आहे. निवृत्तांसाठी साधे निवेदन पुरेसे असते.

सहा महिन्यांत निर्णय आला नाही, किंवा नकार आला, तर सशस्त्र सेना न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठाकडे मूळ अर्ज करता येईल. सशस्त्र सेना न्यायाधिकरण अधिनियम, २००७ निवृत्तांनाही लागू आहे आणि त्यातील ‘सेवाविषयक बाबी’च्या व्याख्येत पेन्शन स्पष्टपणे येते. नकाराच्या तारखेपासून सहा महिने, अथवा निवेदनावर काहीच उत्तर नसेल तर पहिले सहा महिने संपल्यावर पुढचे सहा महिने, ही अर्जाची मुदत आहे. विलंब माफ करण्याचा अधिकार न्यायाधिकरणाला आहे.

विलंबाच्या याच प्रश्नावर अर्जाची भाषा जपून लिहावी लागेल आणि इथेच अनेक चांगली प्रकरणे हातची जातात. सर्वोच्च न्यायालयाने ‘युनियन ऑफ इंडिया विरुद्ध तरसेम सिंग’ (२००८) या निकालात, म्हणजे १९८३ मध्ये लष्करातून बाहेर पडून १९९९ मध्ये अपंगत्व पेन्शनसाठी न्यायालयात आलेल्या एका माणसाच्या प्रकरणात, दोन बाबी वेगळ्या केल्या. कमी पेन्शन ही दर महिन्याला नव्याने होणारी, चालू राहणारी हानी आहे, म्हणून उशीर झाला तरी दाद मिळू शकते. परंतु तक्रार ज्येष्ठतेची किंवा पदोन्नतीची असेल आणि तिच्या निकालाने इतरांच्या ठरून गेलेल्या हक्कांना धक्का बसणार असेल, तर विलंब भोवतो. आपण ‘माझी पदोन्नती मागच्या तारखेची करा’ असे लिहिलेत तर आपण दुसऱ्या पंक्तीत जाऊन बसता. ‘माझी पदोन्नती झालेली आहे, तिची तारीख चुकीची नोंदली गेल्याने पेन्शन कमी बसले आहे, ते दुरुस्त करा’ असे लिहिलेत तर पहिल्या पंक्तीत राहता. आपल्या सध्याच्या मसुद्यात ‘माझ्यानंतरचे लोक पुढे गेले’ असे वाक्य दोनदा आले आहे, ते काढून टाकावे. कोणाची ज्येष्ठता बदलण्याची मागणी नाही, असे एक वाक्य त्या जागी घालावे.

त्याच निकालाची दुसरी बाजूही सांगतो, म्हणजे पुढे निराशा होणार नाही. थकबाकी साधारणपणे अर्ज दाखल करण्यापूर्वीच्या तीन वर्षांपुरतीच मिळते. २००३ पासूनचा फरक मिळेल, या हिशेबाने कोणी फी ठरवत असेल तर सावध राहावे. मात्र पुढचे पेन्शन सुभेदाराचे झाले की ‘एक पद एक पेन्शन’ योजनेचे तक्तेही त्याच पदाच्या ओळीत वाचावे लागतील, कारण ते पद आणि सेवेच्या वर्षांनुसार आखलेले आहेत. १ जुलै २०१४ आणि १ जुलै २०१९ च्या फेररचना आपल्याला नायब सुभेदाराच्या ओळीतूनच लागल्या असाव्यात. ‘स्पर्श’वरच्या आपल्या पीपीओमध्ये पद, गट आणि सेवा या तिन्ही रकान्यांत काय आहे, त्याचे पान मला पाठवावे.

आपण वय लिहिले आहे म्हणून आणखी एक काम सांगतो. कुटुंब पेन्शनही याच पदाच्या हिशेबाने बसते, म्हणून हा अर्ज वहिनींच्या दृष्टीनेही महत्त्वाचा आहे आणि अर्ज चालू असताना काही बरेवाईट झाले तर वारस म्हणून त्यांना तो पुढे चालवता येईल. त्यासाठी त्यांचे नाव आणि जन्मतारीख आधार कार्ड, डिस्चार्ज बुक व पीपीओ या तिन्ही ठिकाणी अक्षरशः सारखी आहे का, ते याच आठवड्यात पाहावे. आपण पाठवलेल्या प्रतींमध्ये एका ठिकाणी त्यांचे माहेरचे नाव दिसते. ती दुरुस्ती रेकॉर्ड ऑफिसकडे वेगळ्या अर्जाने आत्ताच करून घ्यावी. पदोन्नतीच्या निवेदनासाठी मात्र माहिती अधिकारातले कागद हातात येईपर्यंत थांबावे, आणि तोवर पत्रातली ती पुसट ओळ वाचून कळवावी.