२०२० मधला कोझिकोडचा विमान अपघात केवळ पावसामुळे झाला का?

नाही, पाऊस हे त्यामागचे एकमेव कारण नव्हते. ७ ऑगस्ट २०२० रोजी दुबईहून १९० जणांना घेऊन आलेले एअर इंडिया एक्सप्रेसचे बोइंग ७३७ मुसळधार पावसात उतरत होते. पहिल्या प्रयत्नात कॅप्टनच्या बाजूचा वायपर अर्ध्या मिनिटातच थांबला आणि विमान पुन्हा वर न्यावे लागले. दुसऱ्या वेळी विरुद्ध टोकाकडून, म्हणजे पाठीमागून वारा असताना, उतरण्याचा निर्णय झाला. परिणामी विमान सुमारे २,७०० मीटरच्या ओल्या धावपट्टीच्या जवळजवळ मध्यावर टेकले आणि टोक ओलांडून खालच्या उतारावर कोसळले. दोन्ही वैमानिकांसह २१ जण गेले.

चौकशी अहवालाने मुख्य ठपका ठेवला तो अस्थिर अवतरण (म्हणजे वेग आणि खाली येण्याचा दर ठरलेल्या मर्यादेत नसताना उतरणे) तसेच चालू ठेवण्यावर, कारण सहवैमानिकाने ऐन वेळी ‘गो अराउंड’ (उतरणे सोडून पुन्हा वर जा) असे सांगूनही विमान वर घेतले गेले नाही. मला हाच क्षण सर्वांत अस्वस्थ करतो. कॅप्टन दीपक साठे हे हवाई दलातून आलेले अत्यंत अनुभवी वैमानिक होते. त्यामुळे ही चूक अननुभवाची म्हणता येत नाही. डोंगरमाथा सपाट करून बांधलेल्या अशा धावपट्टीवर, दोन्ही बाजूंना दरी असताना, चुकीला जागाच फार थोडी उरते.