वाचकांचे प्रश्न : स्पार्स म्यूटेक्सवर गप्प का?

प्रश्न : लिनक्स ड्रायव्हरवर स्पार्स (कोड न चालवताच त्यातल्या चुका शोधणारं साधन) चालवलं. एका फंक्शनमध्ये स्पिनलॉकबद्दल (धरलेला असताना झोपता येत नाही असा लॉक) 'कॉन्टेक्स्ट इम्बॅलन्स, राँग काउंट अ‍ॅट एक्झिट' अशी वॉर्निंग येते. ते फंक्शन मुद्दाम लॉक धरूनच परततं. दुसरीकडे केमॅलॉक (कर्नलमध्ये मेमरी मागणारं फंक्शन) फसल्यावर म्यूटेक्स (धरलेला असताना झोपता येतं असा लॉक) न सोडताच रिटर्न होत होतं, तिथे मात्र एक शब्द नाही. असं का?

उत्तर : स्पार्स लॉक ओळखत नाही, फक्त मोजतो. स्पिन-लॉक दिसला की अधिक एक, स्पिन-अनलॉक दिसला की उणे एक, आणि फंक्शन संपताना बेरीज शून्य हवी. (म्हणूनच एक लॉक घेऊन चुकून दुसराच सोडलात तरी हिशोब जुळतो आणि वॉर्निंग येत नाही. हे लक्षात असू द्या.)

लॉक धरून परतणाऱ्या फंक्शनला दोन अंडरस्कोरवालं 'अक्वायर्स' हे अ‍ॅनोटेशन (स्पार्ससाठीची खूण) लावा, सोडणाऱ्याला 'रिलीझेस'. व्याख्येवर लावलंत तसंच हेडरमधल्या प्रोटोटाइपवरही लावा. नाहीतर दुसऱ्या फाइलमधला कॉलर अनलॉक करतो तिथे 'अनएक्स्पेक्टेड अनलॉक' येईल. 'फ्लॅग असेल तर लॉक, पुढे पुन्हा फ्लॅग असेल तर अनलॉक' अशी रचना असेल तर अ‍ॅनोटेशनच्या नादी लागू नका. मधलं काम वेगळ्या फंक्शनमध्ये काढा, वाचणाऱ्यालाही ते बरं पडतं.

आता म्यूटेक्स. म्यूटेक्स-लॉकच्या घोषणेवर स्पार्सला कळेल अशी खूणच नाही, त्यामुळे मोजणी हलत नाही. इथे स्मॅच हे असंच दुसरं तपासणी साधन चालवा. त्याच्या किचेकर स्क्रिप्टला फाइलचा पाथ दिला की स्मॅच 'इनकन्सिस्टंट रिटर्न्स' म्हणून कोणत्या ओळीवर लॉक धरलेला आहे आणि कोणत्या ओळीवर सुटलेला, दोन्ही दाखवतो. तुमची चूक नेमकी याच जातीची. दुरुस्ती म्हणजे थेट रिटर्नऐवजी अनलॉकच्या लेबलवर गोटूने उडी, किंवा कर्नल ६.५ किंवा पुढचा असेल तर गार्ड-म्यूटेक्स (बाहेर पडताना लॉक आपोआप सोडणारा). फक्त एकाच फंक्शनमध्ये गार्ड आणि गोटूची साफसफाई मिसळू नका; क्लीनअप हेडरमध्येच तसं बजावलं आहे.

प्रश्न : काल आलेली वॉर्निंग आज दिसत नाही, कोड तर तोच आहे.

उत्तर : स्पार्स चालवताना मेकला सी=१ दिलं असणार. त्यात फक्त नव्याने कंपाइल होणाऱ्या फाइली तपासल्या जातात. सी=२ द्या.

प्रश्न : स्पिनलॉक धरून जीएफपी-कर्नलने (म्हणजे वाट पाहत झोपू शकेल अशा पद्धतीने) मेमरी मागितली, तर कोण पकडेल?

उत्तर : कॉक्सिनेल या कोडमधले ठरावीक साचे शोधणाऱ्या साधनाच्या लॉक्स फोल्डरमधली कॉल-कर्न ही स्क्रिप्ट. ती चालवणाऱ्या कॉक्सीचेकला एम= ने ड्रायव्हरची डिरेक्टरी द्या आणि मोड रिपोर्ट ठेवा; पॅच मोडने सुचवलेला बदल न वाचता लावू नका, कारण कधी कधी खरा उपाय मेमरी लॉकच्या आधी घेणं हा असतो. दोन लॉकच्या उलटसुलट क्रमासाठी मात्र कर्नलच्या कॉन्फिगरेशनमध्ये प्रूव्ह-लॉकिंग चालू करून लॉकडेप हा कर्नल चालू असताना लॉक तपासणारा भागच वापरा, अर्थात तो कोड प्रत्यक्ष चालला तरच तो बोलेल.